जुनी सायकल घेताय? आधी फ्रेम बघा, मग भाव बोला



जुन्या सायकलींच्या धंद्यावरचा व्हिडिओ आल्यापासून भंडारा जिल्ह्यातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणी तुमसरहून विचारतं, कुणी साकोलीहून: "सर, गावात एका घरी जुनी रॅले पडून आहे. दोन-अडीच हजारांत देतो म्हणतात. घेऊ का?"

माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. फ्रेम कशी आहे?

यावर बहुतेक जण सीट कशी आहे, दिवा आहे का, घंटी वाजते का, हे सांगतात. फ्रेमबद्दल "ठीक आहे, थोडी पोचली आहे" एवढंच. आणि नेमकं त्या 'थोडी पोचली आहे' मध्येच तुमचा नफा किंवा तुमचं भांडवल अडकलेलं असतं. व्हिडिओत हे सगळं दाखवायला वेळ पुरला नाही, म्हणून आज फक्त फ्रेम. आरामात वाचा, वही-पेन जवळ ठेवा.

फ्रेमच का?

सायकलीचं बाकी सगळं बदलता येतं. टायर, रिम, पॅडल, सीट, ब्रेकच्या दांड्या, मडगार्ड, सगळं. बदललं तरी सायकल तीच राहते. फ्रेम बदलली की ती सायकल दुसरीच झाली. कंपनीचा नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, पुढचा बिल्ला फ्रेमवर असतो, मूळ रंग आणि सोनेरी रेघा फ्रेमवर असतात. जुन्या वस्तूचा शौकीन पैसे मोजतो ते या खुणांसाठी.

आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या सायकली साधारण दोन प्रकारच्या. एक, इंग्लंडहून आलेल्या: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए, मग हंबर, रज, हर्क्युलिस, फिलिप्स. दुसऱ्या, इथंच बनलेल्या. मुंबईची हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले, १९४९ मध्ये सुरू झालेल्या मद्रासच्या टीआय सायकल्सच्या हर्क्युलिस-फिलिप्स, १९५१ ची सोनीपतची ॲटलस, १९५६ ची लुधियानाची हिरो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. तेव्हापासून बरेच लोक जुन्या ॲटलसकडेही वेगळ्या नजरेनं बघू लागले. पण कुणी 'ॲटलस आता अँटिक झाली' म्हणून भाव वाढवून सांगितला तर हसून पुढं चला. त्या सायकली भरपूर बनल्या, अजून भरपूर फिरतायत.

'इंग्लंडची रॅले' आणि 'इथली सेन-रॅले' यांच्या भावात मोठा फरक पडतो, आणि बिल्ला बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. म्हणून नुसत्या बिल्ल्यावर जाऊ नका. फ्रेमवरचा नंबर बघा; तो सीटच्या खालच्या जोडावर किंवा खाली क्रँकच्या डब्यावर ठोकलेला असतो. मागं स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब असेल तर हबवर बनवल्याचं वर्ष-महिना कोरलेला सापडू शकतो. पण तो हबचा जन्मदाखला झाला, फ्रेमचा नाही. चाक कुणी नंतर बदललेलंही असतं.

आपल्या जिल्ह्यात सायकल कशानं मोडते

हे समजून घेतलंत तर कुठं बघायचं ते आपोआप कळेल.

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथं सायकलनं माणूस कमी आणि ओझं जास्त वाहिलंय. धानाचं पोतं, दुधाचे कॅन, खताची गोणी, चाऱ्याचा भारा. हे सगळं मागच्या कॅरियरवर. त्यामुळं मागचे दांडे बाहेर फाकतात किंवा एका बाजूला झुकतात, मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती खाच वाकते किंवा तडकते. दूधवाल्याची सायकल असेल तर आधी मागच्या बाजूला खाली बसा, मग वर बघा.

दुसरा शत्रू पाणी. चार महिने पाऊस, बांधावरचा चिखल, आणि मग सायकल गोठ्यात उभी. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी, म्हणजे क्रँकच्या डब्यात साचतं. नळी आतून खात जाते. वरून रंग झकास दिसतो. युरियाच्या गोणीखाली तर गंज जोरात चढतो, कारण युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो आणि लोखंड सतत ओलं राहतं.

तिसरं, समोरून बसलेली धडक. बैलगाडी, खड्डा, नाल्याचा काठ, काहीही. यात पहिले दोन प्रकार बहुतेक वेळा हळूहळू होतात, हा एका क्षणात होतो, आणि भावावर सगळ्यात जास्त परिणाम यानंच होतो.

तपासणी: पंधरा मिनिटं, आणि उजेडात

संध्याकाळी, कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात सौदा करू नका. सायकल अंगणात काढायला सांगा. सोबत एक जुना कपडा, लोहचुंबक, बारीक दोरा, मोजपट्टी, एक टोच्या आणि खडू एवढं न्या. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत बसतं.

आधी बाजूला उभं राहून चिमटा बघा. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. हँडलची उभी नळी आणि चिमट्याचा वरचा सरळ भाग एका रेषेत असला पाहिजे, आणि खाली जाऊन तो पुढं वळला पाहिजे. वरचाच भाग मागं दबलेला दिसला तर समोरून मार बसलाय. अशा सायकलीत दांडीच्या ब्रेकचे रबरही रिमवर नीट बसत नाहीत, तीही एक खूण.

चिमटा मागं गेलेला दिसला की लगेच बोटं फिरवा. कुठं? हँडलच्या नळीच्या मागं दोन नळ्या निघतात: वरचा आडवा डंडा आणि खालची तिरकी नळी. दोन्हींच्या खालच्या बाजूनं, जोडापासून दोन-तीन इंचांपर्यंत बोट दाबून फिरवा. लाटेसारखा उंचवटा किंवा घडी लागली, रंग आडवा तडकलेला दिसला, की समजा फ्रेम धडकेत दबलीय. डोळ्याला ही लाट बऱ्याचदा दिसत नाही, बोटाला मात्र लागते. चपाती लाटणाऱ्या हाताला जाडी कळते ना, तसंच.

आता दोरा. मागचं चाक काढलं तर उत्तम. दोऱ्याचं एक टोक मागच्या डाव्या खाचेला बांधा, दोरा पुढं नेऊन हँडलच्या नळीवरून फिरवा आणि उजव्या खाचेला आणून ताणून बांधा. मध्ये सीटची नळी येते. दोरा आणि ती नळी यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक या जुन्या रोडस्टरला चालून जातो, तेवढा तर नवीन असतानाही असायचा. सात-आठ मिलिमीटर आला तर मागचा भाग एकीकडं गेलाय किंवा फ्रेमला पीळ बसलाय.

तडा ओळखणं जरा अवघड, कारण रंगावरची रेघ आणि लोखंडातला तडा सारखेच दिसतात. यासाठी जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे. संशयाच्या जागेचा रंग, मालकाला विचारून, थोडा खरवडा. तिथं रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेल. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात चहा होतो. मग कोरड्या कपड्यानं पूर्ण पुसा आणि खडूची पूड चोळा. रंगाचीच रेघ असेल तर खडू पांढरा राहील. तडा असेल तर आत शिरलेलं तेल परत बाहेर येऊन खडूवर ओली काळपट रेघ उमटेल. कुठं कुठं करायचं? चिमट्याच्या मुळाशी, क्रँकच्या डब्याच्या जोडांवर, सीटच्या जोडावर आणि मागच्या खाचांपाशी.

लोहचुंबक कशाला? रंग नवा दिसला की फिरवा. पोचा पुट्टीनं भरून वर रंग मारलेला असेल तर तिथं चुंबकाची पकड एकदम सैल पडते. आणि टोच्या क्रँकच्या डब्याजवळ, खालून, जरा जोर देऊन. टोच्या आत गेला तर ती नळी संपली. फ्रेमवर बोटांनी टकटक करून आवाजावरून सांगणारे तज्ज्ञ भेटतील. ऐकून घ्या, पण त्यावर पैसे लावू नका.

सगळं नुकसान सारखं नसतं

इथं नवीन माणूस गोंधळतो. त्याला मोठा पोचा दिसला की घाबरतो, आणि केसाएवढा तडा दिसला की "एवढंसं तर आहे" म्हणतो. भाव अगदी उलटा चालतो.

आडव्या डंड्यावरचा पोचा, म्हणजे हँडल फिरून आदळल्यानं पडलेला खळगा, हा दिसायला वाईट पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. अशा सायकली वर्षानुवर्षं चालतात. मूळ रंग शाबूत असेल तर तो खळगा भरूही नका. शौकिनाला मूळ रंग हवा असतो. तुम्ही पुट्टी भरून चकचकीत काळा स्प्रे मारला, की त्याच्या दृष्टीनं तुम्ही दोन गोष्टी केल्यात: खर्च केला आणि किंमत घालवली.

वरवरचा तांबडा गंज हाही घाबरण्यासारखा नाही. तेल, बारीक स्टीलवूल आणि धीर, एवढं पुरतं. आतून खाल्लेली नळी मात्र वेगळी गोष्ट.

मागचे दांडे फाकलेले असतील, तर साधं पोलाद असल्यामुळं जाणकार मिस्त्री ते थंडच परत आणू शकतो. एकदा. तीच जागा वाकवून-सरळ करून पुन्हा वाकवली की पोलाद थकतं आणि तडकतं. लोखंडी तार आपण हातानं तोडतो ती कशी? तशीच.

हँडलजवळची लाट गंभीर. ती सरळ होत नाही. पातळ नळी एकदा घडी पडली की तिचा जोर गेला. योग्य दुरुस्ती म्हणजे नळीच बदलणं.

आणि चिमट्याच्या मुळाशी तडा असेल तर चर्चा संपली. तो चिमटा चालत्या सायकलीवर जाणार नाही, दुरुस्त करूनही नाही. उतारावर चिमटा तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. यात नफ्या-तोट्याचा हिशोब मांडायचाच नाही.

वेल्डिंगचा गोळा आणि पितळेची झाळ

गावोगावी एक दृश्य हमखास दिसतं. फ्रेम तडकली, मालकानं गेट-ग्रिलवाल्याकडं नेली, त्यानं दोन मिनिटांत आर्क वेल्डिंग मारून दिलं. काम झालं, सायकल आणखी दहा वर्षं चालली. मालकाच्या दृष्टीनं त्यात काही चुकलं नाही. तुमच्या दृष्टीनं मात्र त्या गोळ्यानं किंमत खाल्ली.

कारण असं. या जुन्या फ्रेमचे जोड वेल्डिंगचे नाहीत. नळ्यांची टोकं लोखंडी टोप्यांमध्ये, म्हणजे लगमध्ये, बसवून मधल्या फटीत वितळलेलं पितळ भरलेलं असतं. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळतं, पोलादाला जवळपास १५०० लागतात; म्हणून नळी न वितळता जोड बसतो. त्या जोडावर आर्क वेल्डिंग मारलं की आतलं पितळ जळतं, पोलादात मिसळतं आणि जोड ठिसूळ होतो. शेजारी पुन्हा तडा जातो, पुन्हा गोळा, असं चालू राहतं. तीन गोळे असलेली फ्रेम दिसली तर ती फ्रेम म्हणून मोजूच नका.

भंडारा शहरात 'पितळेची झाळ' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पितळी भांड्यांसाठीच हे शहर ओळखलं जातं. टाकणखार लावून पितळ वाहवणं हे तांबट-कासारांचं पिढीजात ज्ञान, आणि सायकलीचा लग तत्त्वानं त्याच पद्धतीनं जोडला जातो. त्यामुळं कुणी म्हणेल, मग भांडीवाल्याकडूनच करून घेऊ. जरा थांबा. झाळ लागेल छान, पण फ्रेम सरळ धरून ठेवणारा सांगाडा त्याच्याकडं नसतो. तापवताना नळी दोन मिलिमीटर सरकली की चाक तिरकं. झाळीचा कारागीर आणि फ्रेम सरळ करणारा जुना सायकल मिस्त्री अशी जोडी तुम्ही जमवू शकलात, तर हा मात्र खरंच वेगळा धंदा उभा राहू शकतो. पितळाचं काम पूर्वीइतकं राहिलेलं नाही, हात आहेत, काम नाही. ज्याला हे जमेल त्यानं मला जरूर कळवा, मी कॅमेरा घेऊन येतो.

आता पैशांचं बोलू

पुढचे आकडे हिशोब शिकण्यासाठी धरलेले आहेत. बाजारभाव म्हणून वापरू नका; तुमचे आकडे तुम्ही शोधायचे.

समजा, एक जुनी इंग्लिश रोडस्टर आहे. फ्रेम निरोगी असती तर तयार करून १४,००० ला विकली जाईल असं तुम्ही चौकशी करून ठरवलंत. खर्च: टायर-ट्यूब, ब्रेक रबर, छर्रे, कॉटर पिन मिळून २,६००. नागपूर किंवा पुढं पाठवण्याचा खर्च ९००. तुमची तीन दिवसांची मजुरी १,५००. हो, तुमची मजुरी धरायचीच. 'आपलंच काम आहे' म्हणून सोडून दिलंत तर तो धंदा नाही, छंद आहे. वर नफा २,५००. चौदा हजारांतून हे सगळं वजा केलं की उरतात ६,५००. ही तुमची खरेदीची कमाल मर्यादा.

आता तीच सायकल, पण खालच्या नळीला हँडलजवळ लाट आहे. बहुतेक जण काय करतात? मिस्त्रीला विचारतात, नळी बदलायला किती? तो म्हणतो तीन हजार. मग साडेसहा हजारांतून तीन वजा करून साडेतीन हजारांना सौदा करतात. हिशोब चुकला.

का? नळी बदलली की रंग गेला. पुन्हा रंगवायला १,५०० धरा. आणि 'नळी बदललेली, पुन्हा रंगवलेली' सायकल १४,००० ला जात नाही. समजा ९,५०० ला जाईल. त्यातून २,६००, ९००, १,५००, मग दुरुस्तीचे ३,०००, रंगाचे १,५०० वजा करा. शून्य उरलं. अजून तुमचा २,५०० नफा बाकीच आहे. म्हणजे सायकल फुकट मिळाली तरी ठरवलेला नफा सुटत नाही. दुरुस्तीचं बिल तीन हजारांचं, पण किमतीवरचा घाव त्याहून कितीतरी मोठा.

मग सायकल सोडून द्यायची? नाही. गिऱ्हाईक बदलायचं.

जुन्या सायकलीचं गिऱ्हाईक एका प्रकारचं नसतं. एकाला चालवायची असते. एकाला संग्रहात ठेवायची असते. आणि एकाला हॉटेलच्या दारात, फोटो स्टुडिओत, लग्नाच्या सजावटीत उभी करायची असते. ही लाट पहिल्यासाठी धोका आहे, दुसऱ्यासाठी डाग आहे, आणि तिसऱ्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही. तिसऱ्याला ती मूळ रंगात, मूळ दिव्यासह हवी, बस. समजा तो ६,००० देतो. त्याला नवे टायर नकोत. पुसून-तेल लावून ६०० खर्च, वाहतूक ९००, एक दिवसाची मजुरी ५००, नफा १,५००. उरले २,५००. ही झाली मर्यादा.

तिसरा रस्ता सुट्या भागांचा. चामड्याची सीट, डायनॅमोसह दिवा, चेन कव्हर, क्रँक-चेनव्हील, हँडल आणि ब्रेकच्या दांड्या, मडगार्ड, रिम. समजा सगळे मिळून कागदावर ७,००० होतात. पण सगळे भाग विकले जात नाहीत, आणि जातात ते सहा-आठ महिने घेऊन. म्हणून मी साठ टक्केच धरतो, ४,२००. त्यातून दोन दिवसांची मजुरी १,०००, घरी आणण्याचे २००, नफा १,५०० गेले की उरतात १,५००.

म्हणजे निरोगी फ्रेमला ६,५००, लाट असलेल्या फ्रेमला जास्तीत जास्त २,५००, आणि सजावटीचं गिऱ्हाईक आधीच डोळ्यासमोर नसेल तर १,५००. आणि आडव्या डंड्यावर नुसता खळगा असेल तर? विक्री तेरा हजारांवर येईल समजा, मर्यादा ५,५००. दोन्ही दोषांना गावात 'पोचली आहे' हाच शब्द वापरतात. खरेदीत फरक तीन हजारांचा.

तळाला भंगारभाव असतोच. मडगार्ड-कॅरियरसह अशी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. आज कबाडी किलोला काय देतो ते विचारा आणि गुणा. त्याहून खाली मालक कशाला देईल?

एक अपवाद सांगून ठेवतो. सायकल जितकी दुर्मीळ, तितकं नुकसान माफ. दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडी होणारी पॅराट्रूपर सायकल कुणाच्या माळ्यावर तुटक्या अवस्थेत सापडली, तरी संग्राहक ती सोडणार नाही, कारण दुसरी मिळण्याची खात्री नाही. साधी काळी हर्क्युलिस तडकली, तर तशीच चांगली दुसरी पुढच्या गावात मिळते. अशा सायकली डोळ्यांनी बघायच्या असतील तर पुण्याला गेलात की कर्वेनगरचं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघा. दोन तासांत नजर बसते.

आमच्या एका बॅचमध्ये पवनीकडचा एक मुलगा होता. त्याला दुहेरी दांड्यांचा चिमटा असलेली सायकल मिळाली. असा दुहेरी चिमटा हंबरची ओळख, त्यामुळं मालक हंबरचा भाव सांगत होता. पोरानं दोरा लावला, बोटं फिरवली, मग सीटच्या जोडाचा लग बघितला. फ्रेम दुसऱ्याच कंपनीची, मागच्या खाचेवर वेल्डिंगचा गोळा. त्यानं मालकाला काही शिकवलं नाही, वाद घातला नाही. म्हणाला, "काकाजी, चिमटा हंबरचा आहे, फ्रेम नाही. चिमट्याचे आणि सीटचे पैसे देतो, बाकी सायकल तुमच्याकडंच राहू द्या." मालकानं विचारलं, "काहून जी, मंग बिनचिमट्याची सायकल मी काय करू?" शेवटी ठरलं असं: त्यानं चिमट्याच्या बदल्यात चांगला देशी चिमटा बसवून दिला, सीट बदलून दिली, वर रोख रक्कम. मालकाची सायकल चालती राहिली. सौदा असाही होतो.

दोष सांगून विका

सजावटीला दिलेली सायकल हायवेवरच्या ढाब्यासमोर उभी राहील. तिथं जेवायला आलेल्यांची पोरं तिच्यावर चढणारच. म्हणून लाट किंवा तडा असलेली सायकल देताना मी दोन गोष्टी करायला सांगतो: चेन काढून वेगळ्या पिशवीत द्या, आणि स्टँड बोल्टनं जमिनीला किंवा लाकडी पाटाला पक्का करून द्या. पावतीवर स्पष्ट लिहा: "फ्रेमच्या खालच्या नळीला हँडलजवळ लाट आहे. ही सायकल मांडणीसाठी आहे, चालवण्यासाठी नाही." दोषाचा जवळून काढलेला फोटो आधीच पाठवा, गिऱ्हाईकानं विचारायच्या आधी. यानं भाव कमी होतो असं वाटतं, पण परत येणारा माल आणि त्याचं दुहेरी भाडं वाचतं.

कायदाही माहीत असू द्या. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि खरेदीच्या बाजूला, फ्रेमचा नंबर घासून काढलेला दिसला तर सायकल कितीही सुंदर असो, हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. गंजानं नंबर पुसट होणं वेगळं, कानशीनं घासलेला वेगळा. घासलेल्या जागी समांतर ओरखडे दिसतात.

म्हणून खरेदी करतानाही कागद करा, रक्कम पाचशे रुपये असली तरी. तारीख, मालकाचं नाव-गाव, फ्रेमचा नंबर, दिसलेले दोष, दिलेली रक्कम, दोघांच्या सह्या. बऱ्याच घरी ही सायकल आजोबांची असते, आणि तुम्ही टेम्पोत चढवल्यावर मुंबई-नागपूरचा एखादा भाऊ फोन करतो, "कुणाला विचारून विकली?" तेव्हा सही करण्याआधीच घरात सगळ्यांना विचारलंय ना, एवढं खात्रीनं विचारा. घंटी आठवण म्हणून ठेवायची असेल तर ठेवू द्या आणि कागदावर तसं लिहा: घंटी वगळून.